टीममधला मुलगा चार महिने गप्प राहिला. मॅनेजरने घरचं विचारावं का, आणि विचारावं तर कसं?

रात्रीचा_चहा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, मोबाईलवरून टाइप करतोय तर शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी पुण्यात आयटीत आहे, हिंजवडी फेज २, प्रॉडक्शन सपोर्ट, अकरा जणांची टीम. त्यात एक मुलगा, त्याला इथे 'न' म्हणू. तीन वर्षं झाली माझ्याकडे, हुशार, डोकं शांत, रात्री दोनला सर्व्हर पडला तरी आवाज चढत नाही असा. गेल्या चारेक महिन्यांत मात्र घसरलाच. स्टँडअपला (रोजचा सकाळचा टीमचा कॉल) कॅमेरा बंद, तिकिटं (क्लायंटच्या नोंदवलेल्या तक्रारी) बंद केली की दोन दिवसांनी परत उघडलेली, क्लायंटच्या मेलला संध्याकाळी उत्तर. मी दोनदा वन-ऑन-वन घेतलं. 'सगळं ठीक ना?' 'हो, ठीक.' संपलं. म्हटलं दुसरीकडे इंटरव्ह्यू चालू असतील, नोटीस पिरियड ९० दिवसांचा म्हणून आधीपासून पाय काढतोय. खरं सांगतो, पीआयपीची (ठरलेल्या मुदतीत काम सुधार, नाहीतर नोकरी धोक्यात, अशी लेखी ताकीद) मेल ड्राफ्टमध्ये पडलेली होती.

मग गेल्या मंगळवारी आत्याला डिस्चार्ज मिळणार होता म्हणून मी सकाळची सुट्टी टाकून हॉस्पिटलला गेलो. सवयीने कानात इअरफोन घालून स्टँडअपला म्यूटवर जॉइन झालो होतो (हो, सुट्टीत, माहितीये, बायकोही हेच बोलते). बिलिंगला जाताना कॉरिडॉरमध्ये एकच वाक्य दोनदा ऐकू आलं. आधी समोरून, मग अर्ध्या सेकंदाने कानातून. 'कालचं तिकीट डेटाबेस टीमकडे पाठवलंय, ब्लॉकर काही नाही.' डायलिसिस युनिटबाहेरच्या स्टीलच्या बाकावर 'न' बसलेला, मांडीवर लॅपटॉप, चार्जर वॉटर कूलरच्या सॉकेटमध्ये, पायाशी डब्याची पिशवी. मला बघितल्यावर ताडकन उभा राहिला. एरवी मला नावाने हाक मारणारा मुलगा 'सर' म्हणाला. 'सर, तिकीट अपडेट केलंय.'

वडिलांचं डायलिसिस. मंगळ, गुरू, शनि, सकाळी सातचा स्लॉट, चार तास. चार महिन्यांपासून. म्हटलं अरे सांगायचंस ना. तर म्हणाला, 'सांगून काय होणार होतं?'

त्या दिवसापासून झोप नीट नाही. तर प्रश्न असा की मॅनेजरने माणसांच्या घरात किती डोकवायचं? न विचारलं तर असं होतं, विचारलं तर चोंबडेपणा होतो. आणि विचारायचं तर नक्की कुठल्या शब्दांत? 'सगळं ठीक ना' चालत नाही हे कळलं.

---

पीआयपी_पीडित

दोनदा ऐकू आलेलं वाक्य वाचून पोटात कालवलं.

पण राग मानू नका, तुमच्या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न येतो. त्याने का सांगावं? मी सांगितलं होतं एकदा. मला पॅनिक अटॅक यायचे, गोळ्या चालू होत्या, तेव्हाच्या मॅनेजरने अगदी कॉफी वगैरे पाजून 'हे आपल्यात राहील, ओपनली बोल' म्हटलं म्हणून बोलले. तीन महिन्यांनी ऑनसाइटची, म्हणजे क्लायंटकडे परदेशी जायची संधी आली, नाव दुसऱ्याचं गेलं. नंतर कळलं की रेटिंगच्या मीटिंगमध्ये माझ्याबद्दल 'सध्या ती त्या स्पेसमध्ये नाहीये' असं त्यानेच सांगितलं होतं. काळजीने सांगितलं असेल हो! माझं भलं म्हणूनच. पण मला विचारलं कुणी?

तेव्हापासून माझं 'ठीक' म्हणजे ठीक. बेल कर्व्हमध्ये (रेटिंग ठरलेल्या प्रमाणात वाटायची पद्धत) कुणाला तरी खाली ढकलायचंच असतं, त्यासाठी आयतं कारण हातात का द्या?

---

चाकणचा_शिफ्टवाला

धागा एकदम आयटीकडे जायच्या आत लिहून घेतो. मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत लाइनवर सुपरवायझर आहे, सतरा वर्षं. आमच्याकडे वन-ऑन-वन वगैरे भानगड नाही, केबिनमध्ये बोलावलं म्हणजे मेमो मिळणार असंच पोरं समजतात. केबिनमध्ये बोलावून 'मोकळेपणाने बोल' म्हणणं म्हणजे पोलीस चौकीत बसवून चहा देण्यासारखं आहे, चहा चांगला असेल पण घशाखाली उतरत नाही.

मी बोलतो ते कॅन्टीनकडे चालताना. शेजारी शेजारी चालत असलं की डोळ्यात बघायला लागत नाही, मग माणूस बोलतो. आणि 'बरं आहे का' असं कधी विचारत नाही. जे दिसलं तेच बोलतो. एका ऑपरेटरचं रिजेक्शन वाढलं होतं, फक्त तिसऱ्या शिफ्टला. त्याला म्हटलं, 'भाऊ, दिवसपाळीत तुझा एक पीस परत येत नाही, रात्रपाळीत येतात. रात्री काय होतंय?' थोडं चालला, मग म्हणाला, 'साहेब, बायकोला दिवस गेलेत, घरात एकटी असते, मन तिकडेच.' बस. दोन महिने त्याची रात्रपाळी काढली, बदल्यात त्याने रविवारच्या दोन पाळ्या घेतल्या म्हणून बाकीच्यांनी पण कुरकुर केली नाही.

अजून एक. नुसतं ऐकून सोडू नका. आमच्या एका पोराला कावीळ झाली, रजा संपल्या, पगार कापला जाणार म्हणून तापात कामावर येत होता. त्याला ईएसआयचं (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कार्ड आहे एवढंच माहिती, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत रोजच्या पगाराच्या ७० टक्के मिळतात हे माहितीच नव्हतं. पगार २१ हजारांच्या आत होता, कार्ड चालू होतं, फक्त दवाखान्याचं सर्टिफिकेट लावायचं होतं. ते बसून भरून दिलं. तेवढ्या अर्ध्या तासाने जे झालं ते दहा वेळा 'काळजी घे रे' म्हणून झालं नसतं.

---

निवृत्त_शाखाधिकारी

सर्वांचे वाचले. आमचा कडू डोस घ्या थोडा. मॅनेजर म्हणजे समुपदेशक नव्हे. ३४ वर्षे बँकेत काढली, आम्हाला कुणी 'कसं वाटतंय' विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही. कामाच्या ठिकाणी काम. घरचे घरी. सगळ्यांच्या घरी काही ना काही असतेच, प्रत्येकाला सूट देत बसलात तर काउंटर कोण सांभाळणार? शिवाय एकाला दिले की दुसरा मागतो.

---

पीआयपी_पीडित

काका, खरं सांगा, तुमच्या शाखेतल्या हेडकॅशियरच्या मुलीचं लग्न कधी ठरलं ते तुम्हाला माहिती होतं की नाही? :)

---

निवृत्त_शाखाधिकारी

माहिती म्हणजे? स्थळ आमच्या हिने सुचवले होते.

---

रात्रीचा_चहा

हाहा, काका! पण यातच उत्तर आहे माझ्या मते. तुमच्याकडे विचारायची गरजच नव्हती. एकाच कॉलनीत राहायचे, सत्यनारायणाला घरी जायचे, कुणाचे वडील हॉस्पिटलमध्ये आहेत हे डब्याच्या वेळी आपोआप कळायचं, डबा करायला घरी कोणी नाही हे पण कळायचं. आमच्या टीममधले तीन जण मी प्रत्यक्षात दोनदा पाहिलेत. एक नाशिकहून काम करतो, एक लातूरहून. त्यांचं घर म्हणजे मला स्क्रीनवर मागे दिसणारं कपाट. ते पण ब्लर केलेलं.

---

श्टुटगार्टी_पुणेकर

इकडचा अनुभव लिहितो. जर्मनीत आजारी पडलो की डॉक्टर कामावर न जाण्याचा दाखला देतो, त्यात कंपनीला फक्त तारखा कळतात, आजार कळत नाही. २०२३ पासून तर कागदही द्यावा लागत नाही, कंपनी विमा संस्थेकडून ऑनलाइनच घेते. बॉसने 'काय झालंय' विचारणं इथे बसतच नाही. सुरुवातीला मला हे फार कोरडं वाटायचं, आपल्याकडे कसं, साधा ताप आला तरी तीन जण काढा सांगतात.

पण इथे एक नियम आहे तो मला आवडला. वर्षभरात सगळे मिळून सहा आठवड्यांच्या वर आजारी राहिलात तर कंपनीला तुम्हाला बोलावून विचारावंच लागतं की कामात काय बदललं तर तुम्हाला जमेल. यायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर, आणि आजाराचं नाव सांगायची सक्ती नाही. माझी पाठ गेली होती तेव्हा मी गेलो त्या मीटिंगला. बॉस म्हणाली, पाठीचं मला काही सांगू नकोस, मला फक्त सांग की तुझ्याकडून काय काढून घेऊ. मी गप्प बसलो होतो पाच मिनिटं, कारण हा प्रश्न आयुष्यात मला कुणी विचारला नव्हता.

अर्थात बाबा गेले तेव्हा सहीचं एक कार्ड आलं, छान होतं कार्ड. आणि पुण्यातला जुना लीड, ज्याच्याशी सहा वर्षं भांडणच झालं होतं, तो माझ्या आधी वैकुंठ स्मशानभूमीत पोचलेला. दोन्ही लागतं बहुतेक.

---

मजकूर_काढला

एचआरला सांगा की! त्यांचं कामच आहे ते =))

---

एचआरवाली_ताई

आलेच. शिव्या घालून झाल्या असतील तर लिहू का?

एक, मॅनेजरने आजार विचारू नये, अडचण विचारावी. कुठल्या वेळा जमत नाहीत, कुठलं काम सध्या झेपत नाही, किती आठवडे असं चालेल असं वाटतं. श्टुटगार्टच्या बाईंनी एका वाक्यात सांगितलंय ते. त्याला स्वतःहून वडिलांची किडनी सांगायची असेल तर ऐका, पण मागू नका.

दुसरं, 'हे आपल्यात राहील' हे वाक्य आधीच तोंडातून काढू नका. सगळं तुमच्यात राहू शकत नाही. समजा टीममधल्या एखादीने सांगितलं की अमुक सिनियर हात लावतो, मेसेज करतो, तर तुम्ही कानात बोळे घालून बसणार? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, तेव्हा तुमच्या 'आपल्यात राहील'पायी तिची मुदत निघून जायची. त्यापेक्षा आधीच सांगा की कुणाला काय सांगायचं ते मी तुला विचारूनच ठरवीन, आणि काही गोष्टी अशा असतात की मला पुढे न्याव्याच लागतील, पण तेव्हाही तुला आधी सांगेन. पीआयपी_पीडित यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं नाही. त्या माणसाने गुपित फोडलं एवढंच नाही, तुमच्या वतीने निर्णय घेऊन टाकला. 'मला तुमचं नाव द्यायचंय, झेपेल का?' एवढं विचारायला काय जात होतं.

तिसरं, रजेचे नियम स्वतः वाचा. २६ आठवडे बाळंतपणाची रजा सगळ्यांना तोंडपाठ, पण गर्भपात झाला तर सहा आठवडे पगारी रजा कायद्यात आहे, १९६१ पासून, हे मी ज्या मॅनेजरना सांगते त्यातल्या बहुतेकांना पहिल्यांदा कळतं. बाई तीन दिवस 'पोटाचा त्रास' म्हणून सिक लीव्ह टाकते आणि चौथ्या दिवशी स्टँडअपला येते. सांगितलं नाही म्हणून मिळालं नाही, आणि सांगायची सोय नव्हती म्हणून सांगितलं नाही.

(काकांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की नैराश्य आणि चिंतारोगापायी जगात दरवर्षी १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात, आणि २०२२च्या त्यांच्या मार्गदर्शक सूचनांत मॅनेजरना प्रशिक्षण द्या असं स्पष्ट आहे. आमच्या ट्रेनिंगच्या पहिल्या स्लाइडवर हाच आकडा असतो. आकडा बघून कुणी बदललेला मी अजून पाहिला नाही, चाकणच्या दादांची गोष्ट सांगितली तर बदलतील.)

---

वॉर्ड_नंबर_सात

मी नर्स आहे, वॉर्डची इनचार्ज. माझ्याकडे बावीस सिस्टर, महिन्याचं रोस्टर मी लावते. रोस्टर लावायच्या आधी मी प्रत्येकीला एक चिठ्ठी देते, त्यावर कारण लिहायचं नाही, फक्त 'हे तीन दिवस नकोत' एवढं लिहायचं. कारण न मागितल्यावर गंमत बघा, अर्ध्याहून जास्त जणी कारण आपणहून लिहितात. एकीने लिहिलेलं, 'सासूबाईंचं वर्षश्राद्ध, पण खरं म्हणजे त्या दिवशी मला झोपायचंय.' दिली सुट्टी.

दुसरं, आधी स्वतःचं थोडं सांगावं लागतं. फार नाही, नाहीतर त्यांनाच आपली समजूत काढत बसावी लागते. मी एकदा हँडओव्हरला म्हटलं की आज मुलाचा दहावीचा निकाल आहे, माझं लक्ष थोडं उडालंय, औषधांचे डोस माझ्याबरोबर दोनदा तपासा. त्यानंतर 'सिस्टर, आज माझं पण दोनदा तपासाल का' असं म्हणायला पोरी लागल्या. आधी म्हणायच्या नाहीत, चुका व्हायच्या.

आणि हे महत्त्वाचं म्हणून लिहिते. कुणी जर 'आता नको झालंय सगळं', 'मी नसलो तर बरं' असं बोललं तर विषय बदलू नका. मरणाचे विचार येतात का, असं सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं होतं. एकटं सोडू नका, घरच्या कुणाला तरी बोलवा, आणि टेली मानस १४४१६ हा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तिथून पुढे तुमचं काम नाही, डॉक्टरचं आहे. इथे मात्र मी काकांशी सहमत.

रात्रीचा_चहा, त्या मुलाला विचारा वडिलांच्या हातावर फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशन करून शीर आणि धमनी जोडतात तो) झालाय का. झाला असेल तर त्या हाताला बीपी नाही, डायलिसिस सोडून दुसरी सुई नाही, जड पिशवी पण नको. आणि महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) भेटायला सांगा. तुमच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडील असतील तर तेही बघा.

---

रात्रीचा_चहा

तीन आठवडे झाले, अपडेट देतो.

पीआयपीची मेल उडवली. 'न'ला गाडीतून घरी सोडताना बोललो (चाकणच्या दादांचं ऐकून, शेजारी बसून, समोर वाकडचा ट्रॅफिक, पाऊण तास वेळच वेळ). म्हटलं, तुझ्याकडून काय काढून घेऊ? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, 'स्टँडअप.' म्हणजे साडेनऊचा कॉल. साडेनऊला वडिलांचं बीपी कधीकधी एकदम उतरतं, सिस्टर आतून हाक मारते, आणि नेमकी तेव्हाच इकडे त्याची पाळी असते. मी आपला समजत होतो की रात्रीचा ऑन-कॉल काढावा लागेल. ऑन-कॉल त्याला चालतो, म्हणाला रात्री तसाही जागाच असतो.

मंगळ-गुरू स्टँडअप साडेअकराला केला, सगळ्यांसाठीच, म्हणजे एकट्याकडे बोट नको. खरं तर लातूरवाल्याला पण बरं झालं, त्याला मुलीला शाळेत सोडायचं असतं, त्यानेही कधी सांगितलं नव्हतं. टीमला काय सांगायचं ते 'न'नेच ठरवलं, 'घरी आजारपण आहे, आठवड्यातून दोन दिवस दुपारपर्यंत मी फक्त चॅटवर.' शनिवार सुट्टीच असते. आरोग्यमित्राला भेटला, कागद चालू आहेत. मेडिक्लेममध्ये आईवडील आहेत हे त्यालाच माहिती नव्हतं, पोर्टलवर सापडलं. फिस्टुला डाव्या हाताला आहे, सिस्टर, तुमचा निरोप पोचवला.

आता जे सांगायला लाज वाटते ते. गाडीत मी परत विचारलं, 'सांगून काय होणार होतं' असं का म्हणालास? तो नको नको म्हणत होता, मग बोलला. गेल्या वर्षी रिलीजच्या आदल्या आठवड्यात टीममधल्या एकीने आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजा मागितली होती, सगळ्यांसमोर कॉलवर. आणि मी म्हणालो होतो, 'गुडघ्याला सांग म्हणावं, रिलीज झाल्यावर दुख.' सगळे हसले. 'मी पण हसलो,' असं 'न' म्हणाला.

मला आठवतच नव्हतं. अजूनही आठवत नाही, नुसता माझा आवाज डोक्यात येतो, मी तसंच बोलतो हे मला माहिती आहे. दुसऱ्या दिवशी तिला फोन लावला, ती आता दुसऱ्या प्रोजेक्टवर आहे. सॉरी म्हटलं. ती हसली, म्हणाली अहो सोडा हो, तुम्ही गमतीत म्हणालात. मग थोडं थांबून म्हणाली, 'पण ऑपरेशन आम्ही रिलीजनंतरच केलं.'

---

पीआयपी_पीडित

...

---

निवृत्त_शाखाधिकारी

फोन केलात हे बरे केलेत. आम्ही असले फोन केले नाहीत. दोनतीन करायला हवे होते.

---

चाकणचा_शिफ्टवाला

आईंचा गुडघा आता कसा आहे, ते विचारलंत का?

---

रात्रीचा_चहा

विचारलं. चढताना ठीक असतो, जिना उतरताना अजून दुखतो म्हणाली.